'रीच्ड टू पुणे' का चूक आणि 'लिसन म्युझिक' का चूक? इंग्रजीतली सकर्मक-अकर्मक क्रियापदं

शेजारची एक मुलगी नववीत आहे, मराठी माध्यमात, अभ्यासात चांगली. परवा संध्याकाळी इंग्रजीची वही घेऊन आली आणि म्हणाली काका, हे बघा ना, माझं नक्की कुठे चुकतंय. वाक्य होतं "वुई रीच्ड टू पुणे अ‍ॅट फाइव्ह", त्यातल्या 'टू'वर लाल पेनाने फुली. दोन ओळी खाली "वुई डिस्कस्ड अबाउट द पिकनिक", तिथे 'अबाउट'वर फुली. आणि त्याच्याखाली एकदम उलटं, "आय वॉज लिसनिंग म्युझिक", तिथे लाल अक्षरात मधे 'टू' घातलेला. तिचं म्हणणं एकच, एका ठिकाणी टू काढायला लावतात, दुसऱ्या ठिकाणी टू घालायला लावतात, मग पाठ तरी काय करायचं?

प्रश्न एकदम बरोबर आहे. आणि याचं उत्तर त्याच धड्यात आहे जो आपण सगळे एका मार्कासाठी पाठ करतो आणि सोडून देतो, ट्रान्झिटिव्ह आणि इंट्रान्झिटिव्ह व्हर्ब्ज, म्हणजे सकर्मक आणि अकर्मक क्रियापदं. व्याख्या सगळ्यांना येते, ज्याला कर्म लागतं ते सकर्मक, लागत नाही ते अकर्मक. पण या व्याख्येचा बोलताना-लिहिताना उपयोग काय हे फारसं कोणी सांगत नाही, म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

आधी मराठीकडे बघू, कारण मराठीत हा फरक आपल्याला कोणी न शिकवता येतो. "बाळ पडलं" आणि "बाळाने कप पाडला". पडण्यात जे काय झालं ते बाळापाशीच संपलं. पाडण्यात बाळाने केलेली गोष्ट कपापर्यंत गेली. ट्रान्झिटिव्ह हा शब्दच मुळी लॅटिनमधल्या 'पलीकडे जाणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आलाय, विमानतळावर आपण ट्रान्झिट म्हणतो ना, तोच. कर्त्याकडून निघालेली क्रिया ओलांडून दुसऱ्या कोणापर्यंत पोचते ती ट्रान्झिटिव्ह, कर्त्यापाशीच थांबते ती इंट्रान्झिटिव्ह.

मराठीत भूतकाळात तर हे कानालाच कळतं. "राम झोपला, सीता झोपली", क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतंय. पण "रामाने आंबा खाल्ला, रामाने पोळी खाल्ली, रामाने केळं खाल्लं", इथे रामाला 'ने' लागला आणि क्रियापद आंब्या-पोळी-केळ्याप्रमाणे बदलायला लागलं. म्हणजे कर्म आहे हे वाक्य स्वतःच ओरडून सांगतं. थोडे अपवाद आहेत, "ती इंग्रजी शिकली", "तो नाव विसरला", इथे कर्म असूनही 'ने' येत नाही, पण एकूण आपला कान तयार असतो.

इंग्रजीत यातलं काहीच नाही. "राम एट अ मँगो" आणि "राम स्लेप्ट", रामाला ने नाही, क्रियापद कोणाप्रमाणे बदलत नाही, कर्माला काही प्रत्यय नाही. इंग्रजीकडे कर्म ओळखायची एकच खूण आहे, ती म्हणजे जागा. क्रियापदाच्या लगेच पुढची जागा, मधे कोणी नाही, टू नाही, अ‍ॅट नाही, अबाउट नाही. मराठीत "मांजराने उंदीर पकडला" म्हणा नाहीतर "उंदीर पकडला मांजराने" म्हणा, उंदरालाच पकडलंय हे कळतं. इंग्रजीत शब्द इकडचे तिकडे केले की उंदराने मांजराला पकडलं असा अर्थ होतो. म्हणून इंग्रजी त्या जागेच्या बाबतीत इतकी कडक आहे. मी तिला म्हटलं, प्रत्येक इंग्रजी क्रियापदाच्या पुढे एक खुर्ची आहे असं समज. सकर्मक क्रियापदाची खुर्ची कर्मासाठी राखीव, कर्म थेट तिथे येऊन बसतं. अकर्मकाच्या पुढे खुर्चीच नाही, कोणाला आणायचंच असेल तर त्याने टू, फॉर, अ‍ॅट असा स्वतःचा पाट घेऊन यायचं.

आता शाळेत सांगतात ती युक्ती, क्रियापदाला 'काय' आणि 'कोणाला' विचारा, उत्तर आलं की सकर्मक. युक्ती चांगली आहे पण आपण ती मराठीत विचारतो, आणि तिथेच घोळ होतो. काय ऐकत होतीस? गाणी. उत्तर आलं, म्हणजे सकर्मक, म्हणून "लिसनिंग म्युझिक". पण हे 'ऐकणे'बद्दल झालं, 'लिसन'बद्दल नाही. ऐकणे मराठीत सकर्मक आहे, लिसन इंग्रजीत अकर्मक आहे, त्याचा खरा अर्थ 'कान देणे'च्या जवळचा, म्हणून कशाकडे कान द्यायचा ते टू लावून सांगावं लागतं. तसंच 'लुक' म्हणजे नजर टाकणे, म्हणून लुक अ‍ॅट मी. 'सी' आणि 'हिअर' मात्र सकर्मक, आय सॉ हिम, आय हर्ड द साँग. आपण चारही ठिकाणी पाहिलं आणि ऐकलं एवढंच म्हणतो म्हणून हा फरक आपल्या लक्षात येत नाही. "मुलं त्याला हसली" यातही कोणाला विचारलं तर उत्तर येतं, पण इंग्रजीत 'लाफ'च्या पुढे खुर्ची नाही, लाफ्ड अ‍ॅट हिम असंच.

उलट बाजूला रीच. "आम्ही पुण्याला पोचलो". पोचणे मराठीत अकर्मक, 'आम्ही पोचलो', ने वगैरे काही नाही, आणि पुण्याला 'ला' आहे. हा 'ला' आपल्याकडून सगळ्यात जास्त चुका करून घेतो, कारण लहानपणी आपल्या डोक्यात बसलेलं असतं की ला म्हणजे टू. पण मराठीचा ला दोन वेगवेगळी कामं करतो. "मी पुण्याला गेलो" यात तो दिशा दाखवतो आणि "मी रामाला पाहिलं" यात तो कर्म दाखवतो. पहिल्याचं टू होतं, आय वेंट टू पुणे. दुसऱ्याचं काहीच होत नाही, आय सॉ राम. आता गंमत अशी की 'गो' अकर्मक आहे म्हणून टू लागतो, 'अराइव्ह' पण अकर्मक आहे म्हणून अराइव्ह्ड इन पुणे, आणि 'रीच' सकर्मक आहे म्हणून रीच्ड पुणे, मधे काही नाही. तिघांचा अर्थ जवळपास सारखा असून खुर्चीचा हिशोब वेगळा. म्हणजे सकर्मक-अकर्मक हे नुसत्या अर्थावरून ठरत नाही, त्या त्या भाषेतल्या त्या त्या क्रियापदाचा तो स्वभाव असतो. ही गोष्ट मला स्वतःला खूप उशिरा कळली आणि कळल्यावर बरंच काही सुटलं.

आता डिस्कस अबाउट. ही चूक नववीतल्या मुलीचीच नाही, मोठमोठ्या ऑफिसांच्या ईमेलमधे रोज दिसते, आणि ती का होते हे बघण्यासारखं आहे. "आम्ही पिकनिकवर चर्चा केली." या वाक्यात कर्म कोण? आपण पटकन म्हणतो पिकनिक. पण क्रियापद बघा, 'केली'. कोणाप्रमाणे केली झालं? चर्चेप्रमाणे. विचार असता तर 'केला' झालं असतं. म्हणजे मराठी वाक्यात कर्माच्या खुर्चीवर चर्चा आधीच बसलेली आहे, त्यामुळे बिचाऱ्या पिकनिकला 'वर' किंवा 'बद्दल' लावून बाजूला बसावं लागतं. इंग्रजीत डिस्कस या एकाच शब्दात 'चर्चा' आणि 'करणे' दोन्ही विरघळून गेलेत. खुर्ची रिकामी झाली. मग पिकनिक थेट तिथे बसते, वुई डिस्कस्ड द पिकनिक. अबाउट कशाला?

हे एकदा दिसलं की अशा चुकांचं अख्खं कुटुंब दिसायला लागतं, कारण मराठीत आपण नामाला 'करणे' जोडून ढीगभर क्रियापदं बनवतो. शत्रूवर हल्ला केला, म्हणून अटॅक्ड ऑन द एनिमी, चूक, नुसतं अटॅक्ड द एनिमी. तिच्याशी लग्न केलं, म्हणून मॅरीड विथ हर, चूक, मॅरीड हर. खोलीत प्रवेश केला, एंटर्ड इन द रूम नाही, एंटर्ड द रूम. पगारवाढीची मागणी केली, डिमांडेड फॉर नाही, नुसतं डिमांडेड. त्याचा उल्लेख केला, मेन्शन्ड अबाउट नाही. गावाचं वर्णन केलं, डिस्क्राइब्ड अबाउट नाही. वडिलांशी साम्य आहे, रिझेम्बल्स टू नाही, रिझेम्बल्स हिज फादर. प्रत्येक ठिकाणी मराठीत हल्ला, लग्न, प्रवेश, मागणी ही नामं वेगळी उभी आहेत आणि म्हणून पुढच्याला वर, शी, त, ची लागतंय.

आणि याचा पुरावा इंग्रजीतच आहे. इंग्रजीत सुद्धा तेच शब्द नाम म्हणून वापरले की लगेच प्रिपोझिशन परत येतं. अ डिस्कशन अबाउट द पिकनिक, बरोबर. अ‍ॅन अटॅक ऑन द एनिमी, बरोबर. अ डिमांड फॉर मोअर पे, बरोबर. मॅरेज टू, रिझेम्ब्लन्स टू, सगळं बरोबर. कारण नामाच्या पुढे खुर्ची नसते. म्हणजे आपण जे 'अबाउट' ऐकलेलं असतं ते खोटं नसतं, कुठेतरी खरंच ऐकलेलं असतं, फक्त ते नामाचं असतं आणि आपण क्रियापदाला चिकटवतो. एक लक्षात ठेवा, 'एंटर इंटू' अगदीच चूक नाही, करार करताना एंटर इंटू अ‍ॅन अ‍ॅग्रीमेंट असंच म्हणतात, फक्त खोलीत शिरताना नाही.

'वेट'चं पण तसंच काहीतरी, आपण वाट पाहतो, तिथे वाट हे कर्म, 'मी तुझी वाट पाहिली'. इंग्रजीत वेट हे अकर्मक, म्हणून वेट फॉर मी. पण त्याचाच भाऊ 'अवेट' हा सकर्मक, अवेटिंग युअर रिप्लाय, तिथे फॉर नको. आणि 'रिप्लाय' परत अकर्मक, रिप्लाय मी नाही, रिप्लाय टू मी. 'आन्सर' सकर्मक, आन्सर मी.

इथपर्यंत ठीक, पण हे सगळं टू-अबाउटपुरतंच असतं तर एवढं महत्त्वाचं नसतं. याचा खरा दणका बसतो पॅसिव्ह व्हॉइसमधे. "अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड निअर अवर हाउस." हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस सापडणार नाही. कसं तयार होतं बघा, 'अपघात झाला', आणि पॅसिव्ह शिकताना आपण घोकलेलं असतं की पत्र लिहिले गेले म्हणजे वॉज रिटन, त्यामुळे 'झाला' आलं की हात आपोआप वॉज लिहितो. पण पॅसिव्ह म्हणजे काय तर कर्माला खुर्चीवरून उठवून कर्त्याच्या जागी नेऊन बसवणं. "द कॅट कॉट अ माउस", यातला उंदीर उठून पुढे गेला, "अ माउस वॉज कॉट". हॅपनच्या पुढे खुर्चीच नाही, तर उठवणार कोणाला? म्हणून अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट हॅपन्ड, बस. तसंच ऑकर, डाय, अराइव्ह, डिसअपिअर, एक्झिस्ट, बिलाँग, कन्सिस्ट, यांचं पॅसिव्ह होतच नाही. हि वॉज डाइड नाही, हि डाइड. द टीम इज कन्सिस्टेड ऑफ नाही, द टीम कन्सिस्ट्स ऑफ.

मग पॅसिव्ह होतं ते सगळं सकर्मक, असं उलटं समीकरण मांडता येईल का? जवळजवळ, पण पूर्ण नाही. 'हॅव', 'रिझेम्बल', 'लॅक', 'कॉस्ट' यांच्यापुढे नाम थेट बसतं पण पॅसिव्ह होत नाही, अ कार इज हॅड बाय मी असं कोणी म्हणत नाही. आणि 'लाफ अ‍ॅट' सारखी जोडी इतकी घट्ट झालेली असते की हि वॉज लाफ्ड अ‍ॅट असं पॅसिव्ह चालतं, शेवटचा अ‍ॅट तसाच लटकत ठेवून.

आणखी एक ठिकाण जिथे काय-कोणाला फसवतं, ते म्हणजे अंतर आणि वेळ. हि स्लेप्ट एट अवर्स, हि वॉक्ड फाइव्ह किलोमीटर्स. क्रियापदापुढे नाम थेट आलंय, पण ते आठ तास म्हणजे काही झोपण्याचं कर्म नाही, किती वेळ याचं उत्तर आहे. 'काय' विचारायच्या आधी 'किती' विचारून बघा, उत्तर तिथेच मिळालं तर सोडून द्या.

आता तिसरा प्रकार, दोन्हीकडे चालणारी क्रियापदं. इथे मराठी आपल्या मदतीला येते. मराठी व्याकरणात यांना उभयविध म्हणतात. "दार उघडलं" आणि "तिने दार उघडलं". "खुर्ची मोडली" आणि "त्याने खुर्ची मोडली". "पाणी उकळलं" आणि "मी पाणी उकळलं". इंग्रजीतही तेच, द डोअर ओपन्ड, शी ओपन्ड द डोअर. द वॉटर बॉइल्ड, आय बॉइल्ड द वॉटर. फरक इतकाच की मराठीत असे शब्द मोजके आहेत, बाकी ठिकाणी आपण शब्दच बदलतो, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे, जळणे-जाळणे, वाढणे-वाढवणे. इंग्रजीत मात्र हा प्रकार भरपूर, ब्रेक, बर्न, मेल्ट, मूव्ह, चेंज, स्टार्ट, स्टॉप, ग्रो. मुलं वाढतात तेही ग्रो आणि शेतकरी कांदा पिकवतो तेही ग्रो. म्हणून "द ग्लास वॉज ब्रोकन" आणि "द ग्लास ब्रोक" दोन्ही बरोबर, पण एकसारखे नाहीत. पहिल्यात कोणीतरी फोडला अशी शंका घ्यायला जागा आहे, दुसऱ्यात तो नुसता फुटला. हातून कप पडल्यावर मराठी पोरगं 'मी फोडला' न म्हणता 'फुटला' म्हणतं, इंग्रजी पोरगं 'इट ब्रोक' म्हणतं, हिशोब एकच.

'ईट', 'रीड', 'सिंग', 'ड्राइव्ह' यांचं जरा वेगळं आहे, यांचं कर्म गाळलं तरी चालतं, आय हॅव ईटन म्हणजे जेवलोय, काय ते सांगायची गरज नाही. 'एन्जॉय'चं मात्र तसं नाही. आम्ही खूप एन्जॉय केलं, म्हणून वुई एन्जॉइड अ लॉट, असं आपण सगळेच म्हणतो, पण नीट लिहायच्या इंग्रजीत एन्जॉयला कर्म लागतंच, वुई एन्जॉइड द ट्रिप, आणि काहीच सांगायचं नसेल तर वुई एन्जॉइड अवरसेल्व्ह्ज, म्हणजे स्वतःलाच खुर्चीवर बसवायचं. जेवण समोर ठेवून नुसतं 'एन्जॉय!' म्हणतात ते बोलण्यात आता रुळलंय.

आणि मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग, लाय आणि ले, राइज आणि रेज, सिट आणि सेट, फॉल आणि फेल. यातला फेल म्हणजे नापास नाही आणि फॉलचा भूतकाळही नाही, फेल अ ट्री म्हणजे झाड पाडणे. फॉल पडणे, फेल पाडणे. राइज उगवणे, वर येणे, सूर्य राइज होतो. रेज वर करणे, रेज युअर हँड. सिट बसणे, सेट बसवणे. लाय आडवं होणे, ले आडवं ठेवणे. पडणे-पाडणे, बसणे-बसवणे, अगदी आपल्यासारखं! आणि हा निव्वळ योगायोग नाही. संस्कृतमधे 'सीदति' म्हणजे बसतो आणि 'सादयति' म्हणजे बसवतो, 'पतति' पडतो आणि 'पातयति' पाडतो, तो जो मधला 'अय' आहे ना, करायला लावणारा, त्याचाच भाऊबंद एक 'य'चा प्रत्यय इंग्रजीच्या पूर्वज भाषेत होता. त्या 'य'ने सेट आणि फेल मधला स्वर ओढून बदलला, पुढे प्रत्यय गळून पडला आणि बदललेला स्वर तेवढा मागे राहिला. संसद, सदन, उपनिषद यातला 'सद्' आणि इंग्रजी 'सिट' हे एकाच मुळाचे शब्द आहेत. 'ड्रेंच' म्हणजे चिंब भिजवणे हा शब्दसुद्धा मुळात 'ड्रिंक'चा प्रयोजक, म्हणजे पाजणे, गुराढोरांना तोंडातून औषध पाजण्याला इंग्रजीत अजून ड्रेंच म्हणतात.

यात लाय-ले ची जोडी मात्र खरंच किचकट आहे, कारण लाय या अकर्मकाचा भूतकाळच 'ले' आहे. लाय, ले, लेन. आणि ले या सकर्मकाचं ले, लेड, लेड. त्यात खोटं बोलणं म्हणजे लाय, लाइड, लाइड हे तिसरंच. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही इथे चुकतात, त्यामुळे आपण चुकलो तर जीवाला लावून घेऊ नये. मी त्या मुलीला एवढंच सांगितलं, कोंबडी अंडी घालते, हेन्स ले एग्ज, अंडी हे कर्म डोळ्यासमोर ठेव, ले म्हटलं की काहीतरी ठेवलं गेलंच पाहिजे. तपासायच्या टेबलावर डॉक्टर म्हणतात लाय डाउन, तिथे आपण स्वतःच आडवे होतो, ठेवायला हातात काही नसतं.

राहिली दोन कर्मांची क्रियापदं, मराठीत द्विकर्मक. गिव्ह मी अ पेन, टेल मी अ स्टोरी, शो मी द वे, इथे दोन खुर्च्या असतात, आधी माणूस मग वस्तू. यावरून आपण "एक्सप्लेन मी धिस सम" आणि "सजेस्ट मी अ गुड मोबाइल" बनवतो, ते चुकतं, कारण यांच्यापुढे एकच खुर्ची आहे आणि ती गणिताची, मोबाइलची. एक्सप्लेन धिस सम टू मी. साधारण असं दिसतं की गिव्ह, टेल, शो, सेंड असे इंग्रजीचे जुने घरचे छोटे शब्द दोन खुर्च्या देतात आणि लॅटिनमधून आलेले लांबलचक शब्द, एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, डोनेट, देत नाहीत. प्रॉमिस सारखे अपवाद आहेत. 'से' आणि 'टेल'ला तर मराठीचीच मदत घ्या, मला म्हणाला म्हणजे सेड टू मी, मला सांगितलं म्हणजे टोल्ड मी.

शंका आली तर डिक्शनरी बघायची, पण अर्थ बघून लगेच बंद करायची नाही. शब्दाच्या शेजारी ट्रान्झिटिव्ह किंवा इंट्रान्झिटिव्ह लिहिलेलं असतं, कधी नुसतं टी किंवा आय, जुन्या डिक्शनऱ्यांत व्ही.टी. आणि व्ही.आय., आपण सगळे ते अक्षर ओलांडून पुढे जातो. दोन्ही असतील तर प्रत्येकाखालची उदाहरणं वाचायची, कारण बऱ्याचदा अर्थही वेगळा असतो. 'रन'च बघा ना, अकर्मक असताना पळणे, सकर्मक असताना दुकान चालवणे.

ती निघता निघता मी तिला दोन वाक्यं लिहून दिली आणि फरक विचारला. "वुई लेफ्ट पुणे अ‍ॅट सिक्स" आणि "वुई लेफ्ट फॉर पुणे अ‍ॅट सिक्स". तिने थोडा वेळ वहीकडे बघितलं आणि म्हणाली, पहिल्यात पुणे खुर्चीवर आहे म्हणजे पुणं सोडलं, दुसऱ्यात खुर्ची नाहीये, म्हणजे नुसते निघालो, आणि पुणं अजून यायचंय.